मधली खडी

राहूच्या पुढं भीमेच्या अंगाला एक वाडी आहे. तिचं नाव मी सांगत नाही, कारण या हकिकतीतली बरीच माणसं अजून तिथंच राहतात आणि सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या समोर येतात. या वाडीत १९९८ च्या फेब्रुवारीत पाण्याच्या टाकीचं काम अकरा दिवस बंद पडलं. सिमेंट होतं, सळई होती, मिक्सरच्या इंजिनात डिझेल होतं, मजूरही हजर होते. काम बंद पाडलं एका बिगारी बाईनं. अंजना नवनाथ रणपिसे. वय पस्तीस, शिक्षण चौथी.

अंजना मूळची कवठे येमाईची. बहात्तरच्या दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. सगळं गाव रस्त्याच्या कामावर, तशी तीही आईशेजारी बसून खडी फोडायची. मुकादमाच्या हातात लोखंडी कडी असायची. तो ढिगातला एखादा खडा उचलायचा आणि कडीतून घालून बघायचा. अडकला की सगळा ढीग नापास, पुन्हा फोडा. एका दुपारी आईचा ढीग असाच नापास झाला. आई मुकाट्यानं हातोडा उचलायला लागली. अंजनानं मात्र मुकादमाच्या हातातला खडा घेतला, उभा धरला आणि कडीतून पार केला.

"जातोय की! तुम्ही आडवा घातला," ती म्हणाली.

मुकादमानं तिला थोबाडीत मारली. पण ढीग पास केला. अंजना ही गोष्ट सांगायची तेव्हा थोबाडीत बसल्याचं हसत सांगायची आणि ढीग पास झाल्याचं ठासून.

लग्न होऊन ती वाडीत आली. नवरा नवनाथ कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर होता, तीन शिफ्टमध्ये फिरायचा. त्र्याण्णव सालात तिथंच शेजारी एका नव्या कारखान्याचं बांधकाम निघालं, तेव्हा अंजनाही बिगारी म्हणून लागली. पाट्या उचलायच्या, मिक्सरमध्ये टाकायच्या. मोठं काम होतं, म्हणून साइटवर पत्र्याची एक खोली होती आणि तिच्यावर 'लॅब' असं रंगवलेलं होतं. तिथं इसहाक उजागरे बसायचे. शिरूरच्या मिशन कंपाउंडमधले, पाटबंधारे खात्यात धरणाच्या कामांवर खडी-वाळू तपासण्यात उभा जन्म गेलेला, रिटायर झाल्यावर इथं आलेले. त्यांचा चाळण्या हलवणारा माणूस काम सोडून गेला, तेव्हा त्यांनी मुकादमाकडं माणूस मागितला. मुकादमानं अंजनाला धाडलं, कारण ती पाट्यांच्या लायनीत फार बोलायची.

पहिल्याच दिवशी इसहाकमामांनी तिच्यापुढं दहा लिटरची बादली ठेवली आणि ती मोठ्या खडीनं काठोकाठ भरायला लावली.

"भरली?"

"भरली की."

"मग आता तिच्यात पाणी ओत. माप घेऊन ओत."

अंजना ओतत गेली. बादली भरलेली दिसत होती, तरी साडेचार लिटर पाणी आत गेलं. मामांनी ते उपसायला लावलं. मग मोठ्या खडीत बारीक खडी मिसळून बादली पुन्हा भरली. या वेळी पाणी कमी मावलं. मग वाळूही मिसळली. आता अडीच लिटरमध्ये पाणी काठावर आलं.

"म्हंजी खड्यांच्या मधी निम्म्याला निम्मी हवाच असती," अंजना म्हणाली.

"ती हवा कशानं तरी भरावी लागते, बाई. मोठ्या खडीच्या मधल्या जागेत मधली खडी बसते, तिच्या फटीत बारीक, तिच्या फटीत वाळू. उरलं ते सिमेंटनं भरायचं आणि सगळं चिकटवायचं. मधली खडीच नसली तर ती सगळी जागा सिमेंट आणि पाणी भरणार. सिमेंट कुणी जास्त देत नाही. मग काय जास्त पडतं?"

"पाणी."

"आणि पाणी वाळून गेल्यावर तिथं काय राहतं?"

अंजनानं पाण्यात बोट बुडवून दोन खड्यांमधली फट चाचपली. ती बादलीकडं बघत राहिली. त्या दिवसापर्यंत तिनं किती पाट्या उचलल्या असतील त्याला गणती नव्हती, पण पाटीत काय चाललंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन वर्षं ती त्या पत्र्याच्या खोलीत होती. वीस एमएमची चाळणी, दहाची, पावणेपाचची. कुठल्या चाळणीवर किती राहिलं ते वजन करून वहीत लिहायचं. पत्र्याचा नरसाळ्यासारखा कोन घ्यायचा, त्यात चार थरांत काँक्रीट भरायचं, प्रत्येक थराला सळईचे पंचवीस ठोके द्यायचे आणि कोन सरळ वर उचलायचा. चांगला माल जरा बसतो, पण एकसंध राहतो. मधली खडी नसलेला माल एका अंगाला ढासळतो, खडी सुटी होऊन खाली घरंगळते आणि कडेनं पाणी पाझरतं. दगडाची पूड, जिला कच म्हणतात, ती जास्त झाली तरी तेच. ती सगळं पाणी पिऊन टाकते आणि माल फावड्याला हलत नाही. मग मिक्सरवाला काय करतो? आणखी एक बादली ओततो. मालाचे ठोकळे करून, सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी मशीनखाली फोडले की त्या एका बादलीचा हिशेब बाहेर येतो.

सहासष्ट टक्के, चौतीस टक्के असले आकडे अंजना बोटांवर करायला शिकली. पुढं तर मूठभर खडी हातात घेऊन कुठल्या मापाची किती ते ती चाळायच्या आधीच सांगायची, आणि इसहाकमामा तिला खोटं पाडायला म्हणून चाळून बघायचे. फारसं जमायचं नाही त्यांना.

शहाण्णवला काम संपलं. मामा शिरूरला घरी गेले, अंजना पुन्हा पाट्या उचलायला लागली.

आता टाकीचं. वाडीला पाण्याची योजना मंजूर झाली. लाखभर लिटरची टाकी, सहा खांबांवर उभी. जागा मिळाली ती बौद्ध वस्तीला लागून, बालवाडीच्या भिंतीपासून पंधरा पावलांवर, कारण आपल्या दारात टाकी दुसऱ्या कुठल्या आळीला नको होती. वस्तीला घरात नळ या टाकीमुळंच पहिल्यांदा येणार होता. ठेका मल्हारी नावाच्या ठेकेदाराला मिळाला. सरपंच मारुतराव त्याचे नात्यातले. गँगमध्ये वस्तीतल्याच बायका होत्या, त्यात अंजना.

पहिल्या दिवशी खडीच्या ढिगाशी ती थांबली. एका बाजूला नुसती मोठी खडी, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि वाळूत निम्मी कच.

"मधली खडी कवा येणार?" तिनं मुकादमाला, दगडोबाला विचारलं.

"येईल. तू पाटी उचल."

आली नाही. खांबांचा पहिला टप्पा तसाच ओतला. माल फावड्याला हलेना, तसं मिक्सरवाल्यानं पाणी वाढवलं. अंजनानं त्या दिवशी तोच माल डोक्यावरून वाहिला. ही गोष्ट ती लपवत नसे. "मीच वतला त्यो माल. पोट हुतं, म्हणून वतला," ती सांगायची.

दोन दिवसांनी फळ्या काढल्या. दोन खांबांच्या बुडाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं होती, एका ठिकाणी तर मूठ आत जात होती आणि आतली सळई दिसत होती. दगडोबानं गवंड्याला बोलावलं आणि सिमेंटचा गिलावा मारून भोकं बुजवली. संध्याकाळपर्यंत खांब गुळगुळीत झाले. बालवाडीतली पोरं त्या खांबांभोवती शिवाशिवी खेळायला लागली. अंजना ते बघत उभी राहिली.

सोमवारी सकाळी दुसरा टप्पा ओतायचा होता. मिक्सरवाला इंजिनाला हँडल मारायला गेला तर अंजना मिक्सरच्या तोंडाशी, जिथं पाट्या ओततात तिथं, पाय सोडून बसलेली.

"ऊठ."

"मधली खडी आणा. उठते."

दगडोबा आला, मग मल्हारी मोटारसायकलवरून आला.

"अंजने, टाकी तुझ्या बापाची हाय काय?"

"व्हय. माझ्या बापाची, माझ्या पोरीची आन् ह्या समद्यांची. तुमची न्हाई. तुम्ही बांधून निघून जाणार."

मल्हारीनं तिला जातीवरून शिवी दिली. भर सकाळी, वीस-पंचवीस माणसांच्या देखत. गँगमधल्या बायका तोवर अंजनावरच वैतागलेल्या होत्या, मजुरी बुडत होती. पण ती शिवी ऐकल्यावर गँगमधली सगळ्यात थोरली बाई, रंगुबाई, हातातली पाटी पालथी घालून तिच्यावर बसली. "मला त्या खडीबिडीतलं काय कळत न्हाई. पर आता मी बी उठणार न्हाई." एकेक करून बाकीच्याही बसल्या.

दुपारी सरपंच मारुतराव आले. ते समजुतीनं बोलले.

"अंजना, तुमच्या वस्तीला नळ द्यायचा तर आमच्या आळीत किती बोललं गेलं, तुला ठाव हाय. मी पुढं झालो म्हणून हे काम हितवर आलं. आन् आता तूच आडवी पडतीस?"

"आप्पा, नळ आमचा हक्क हाय, कुणाचा उपकार न्हाई. आन् टाकी तुम्ही आमच्या लेकरांच्या डोक्यावर उभी करताय. लाख लिटर पाणी खाली आलं तर ते तुमच्या आळीत येणार न्हाई."

"तू काय इंजिनिअर हायेस का?"

"न्हाई. म्हणून तर म्हंती, इंजिनिअरला बोलवा."

त्याच संध्याकाळी तिनं अर्ज लिहिला. चौथीच्या अक्षरात, मोठमोठ्या ओळींत. 'टाकीच्या कामात दहा एमएमची मधली खडी नाही. वाळूत कच जास्त आहे. पाणी जास्त घालतात. खांबाला भोकं पडली ती बुजवली. येऊन चाळून बघा.' दुसऱ्या दिवशी दौंडला जाऊन तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दिला, पोच घेतली आणि तिथूनच शिरूरची एसटी धरली. मिक्सरजवळ बाकीच्या बायका होत्याच.

इसहाकमामा आता काठीनं चालत होते.

"जयभीम, मामा."

"सलाम, बाई. आज इकडं कशी?"

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी बायकोला, मेरीबाईंना, माळ्यावरची पेटी काढायला सांगितली. आत त्यांच्या स्वतःच्या जुन्या चाळण्या होत्या, पत्र्याचा कोन होता आणि ठोकळे पाडायचे सहा साचे.

"तुम्ही बी चला, मामा," अंजना म्हणाली. "तुमचं ऐकतील."

"मी आलो तर माझं ऐकतील, तुझं नाही. तुला जे येतं त्याला माझी गरज नाही." आणि पुढं म्हणाले, "दोन्ही माल सारखेच ढिले कर. कोनात सारखेच बसले पाहिजेत. तेवढ्यासाठी कुणाला किती पाणी लागतं ते सगळ्यांच्या समोर मोज. सिमेंट दोन्हीकडं एकच माप. यात एक तांब्या चुकलीस तर ते तुला सोडणार नाहीत."

बुधवारी सकाळी विहारासमोरच्या अंगणात तिनं ते केलं. एका पत्र्यावर मल्हारीच्या ढिगाचा माल. दुसऱ्या पत्र्यावर तीच मोठी खडी, तेच सिमेंट. फक्त राहूकडच्या एका घराच्या कामावरून पोत्यात आणलेली मधली खडी त्यात मिसळलेली आणि वाळूतली कच धुऊन काढलेली. वाडी गोळा झाली होती. काही चेष्टेला आले होते. अंजनानं पाणी मोजायला रंगुबाईला लावलं आणि तांब्या मोठ्यानं मोजायला सांगितला. चांगला माल आठ तांब्यांत हवा तसा बसला. मल्हारीचा माल आठ तांब्यांत दगडासारखा ताठ राहिला. दहाला कोन उचलल्यावर एका अंगानं फुटला. बाराव्या तांब्याला कुठं तो पहिल्याइतका खाली बसला, पण खडी वेगळी आणि पाणी वेगळं.

"बघा," अंजना म्हणाली. "सिमेंट तेवढंच हाय. हे वरचे चार तांबे वाळून जात्याल आन् तिथं भोकं राहत्याल. तुमच्या खांबात तेच झालंय."

चेष्टेला आलेला एक म्हातारा खाली बसला आणि दोन्ही माल बोटांनी चाचपून बघत राहिला.

ठोकळे तीन-तीन पाडले, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढले, खुणा केल्या आणि विहाराच्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवले. शुक्रवारी भर दुपारी दगडोबा दोन माणसं घेऊन आला. पिंप ग्रामपंचायतीचं आहे, परत न्यायचं आहे, म्हणाला. रंगुबाई पिंपाच्या झाकणावर चढून बसली. "न्या. माझ्यासकट न्या." तिघं जण बराच वेळ उभे राहिले आणि निघून गेले.

त्याच दिवशी नवनाथला कुरकुंभमधून काढलं. कारण सांगितलं नाही, पण तिथला लेबर ठेकेदार मल्हारीचा मेव्हणा होता. नवनाथ घरी येऊन अंजनावर खूप ओरडला. "खडीसाठी घर मोडलंस!" म्हणाला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर जाऊन त्या गिलावा मारलेल्या खांबाशी उभा राहिला, बुटाच्या टाचेनं बुडाला दोन-तीन ठोकरा दिल्या. गिलाव्याची खपली पडली आणि मागं सळई दिसली. आत आला आणि म्हणाला, "चहा टाक." एवढंच. पण दुसऱ्या दिवसापासून मिक्सरजवळ तोही बसायला लागला.

नवनाथचा तो अबोला चालू असतानाच, शनिवारी, उपअभियंता जीपमधून आले. सोबत मल्हारी आणि मारुतराव. साहेब चिडलेले होते. एका बाईच्या अर्जावरून सुट्टीच्या दिवशी धूळ खात यावं लागलं होतं.

"कुठं आहे ती बाई?"

अंजना पुढं झाली. चाळण्या तिनं त्यांच्या हातात दिल्या.

"मी चाळलं तर म्हणत्याल बाईनं खोटं केलं. तुम्हीच चाळा, साहेब. कुठनंबी खडी घ्या."

साहेबांनी ढिगाच्या तीन ठिकाणांहून खडी घेतली आणि स्वतः चाळली. दहाच्या चाळणीवर जवळजवळ सगळी खडी तशीच बसून राहिली. खाली पडली ती नुसती पूड. साहेबांचा राग गेला. ते खांबांपाशी गेले, हातोडी मागून घेतली आणि गिलाव्यावर मारत एका खांबावरून दुसऱ्यावर गेले. चार ठिकाणी पोकळ आवाज आला. मल्हारी बोलायला लागला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडं न बघता हात वर केला.

ठोकळे त्यांनी खात्याच्या लॅबमध्ये न्यायची जबाबदारी घेतली, अंजनाच्या समोर खुणांवर सही केली. सातव्या दिवशी ते फुटले. ठोकळा किती दाब सोसतो त्याचा सातव्या दिवशी निदान तेराचा आकडा हवा होता. अंजनाच्या तिन्ही ठोकळ्यांचा सरासरी चौदा आला. मल्हारीच्या मालाचा सात.

अकराव्या दिवशी लेखी हुकूम आला. पहिला टप्पा तोडा, खडी बदला, मग पुढं काम. खांब घणानं फोडायला दोन दिवसही लागले नाहीत. बालवाडीच्या पायरीवर बसून अंजनानं ते सगळं पाहिलं.

तिला परत कामावर घेतलं नाही. मल्हारीनं बाहेरची गँग आणली. रंगुबाई सोडली तर गँगमधल्या कित्येक बायकांना अंजनाचा राग होता, त्यांचं काम तिच्यापायी गेलं होतं. दगडाबाई म्हणून शेजारीण तिच्याशी दोन वर्षं बोलली नाही. "तिचं बरोबर हाय," अंजना म्हणायची, "तिच्या घरी चूल माझ्यामुळं बंद हुती. पर मी पुन्यांदा तेच करीन." नवनाथला आठ महिने कुठं पक्कं काम मिळालं नाही. ऊसतोडीच्या हंगामात तो फडावर गेला.

आणि तरी टाकीचं काम संपेपर्यंत अंजना रोज सकाळी खडीच्या ढिगाशी येऊन उभी राहायची. हात घालून मूठभर खडी उचलायची, तळहातावर पसरायची.

"जा घरी. तुझा हितं काय संबंध?" मल्हारी म्हणायचा.

"रस्ता सरकारी हाय. उभी ऱ्हाईन."

दोनदा तिनं ट्रक परत पाठवायला लावला. दुसऱ्या वेळी दगडोबानंच, मालकाला न विचारता, ड्रायव्हरला हात करून ट्रक वळवला.

नव्याण्णवच्या जूनमध्ये वस्तीत नळाला पाणी आलं. टाकीवर फरशी बसली, तिच्यावर नावं कोरली. मंत्र्याचं, सरपंचाचं, ठेकेदाराचं. अंजनाच्या मुलीनं, प्राचीनं, ती फरशी वाचली आणि रागानं घरी आली. अंजना म्हणाली, "नाव कशाला पायजे? खांब बघ." आणि लगेच पुढं म्हणाली, "लिहिलं असतं तर मला आवडलं असतं, ते बी खरं हाय."

पुढं २००३ मध्ये रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीसाठी माल पुरवणारा काँक्रीटचा एक प्लांट नगर रस्त्याला लागला. लॅबमध्ये मदतनीस हवा होता. अंजना अर्ज घेऊन गेली. मुलाखत घेणाऱ्या तरुण इंजिनिअरनं शिक्षण विचारलं आणि चौथी ऐकून कागद बाजूला ठेवला.

"बाहेर तुमचा ढीग पडलाय," अंजना म्हणाली. "त्यात दहाची खडी पंचवीस टक्क्याच्या वर न्हाई. आन् निम्मी चपटी हाय. चपट्या खड्यानं माल चालत न्हाई, पाणी मागतो. चाळून घ्या. चुकलं तर मी जाते."

त्यानं चाळून घेतलं. तेवीस आलं. ती तिथं अकरा वर्षं होती.

मी तिला भेटायला गेलो ते २००७ मध्ये, त्या प्लांटवरच. आम्ही फाटकाशी बोलत असताना खडीच्या क्रशरवरून एक ट्रक आला. अंजनानं खडीत हात घातला, चाळणी मागवली आणि पाच मिनिटांत ट्रक परत फिरवायला सांगितला. ड्रायव्हर बिहारचा होता, घामानं निथळत होता.

"मॅडम, साहब ने पास किया है. फोन पे बोला है."

अंजनानं हात झटकले.

"फोन पे खडी नहीं दिखती. साब को इधर लेके आ."

आणि तिनं फाटकावरच्या माणसाला ट्रकपुढचा आडवा दांडा खाली घ्यायला सांगितलं.